डॉक्टरकीचा अधिकार : डॉ. रखमाबाई

सुरत म्हटले की मराठी मुलांना शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात, व्यापाऱ्यांना जरीचे आणि रेशमाचे कापड आठवते, आणि खवय्यांना घारी आठवते. परंतु या शहराशी एका मराठी स्त्रीचे नावही कायमचे जोडले गेलेले आहे. पुढे डॉक्टर व्हावे अशी ज्याची इच्छा आहे, त्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते ठाऊक असावयास हवे. ते नाव म्हणजे डॉ. रखमाबाई.

लोक त्यांना ओळखतात ते मुंबईच्या हायकोर्टात गाजलेल्या एका खटल्यामुळे. तो खटला चार वर्षे चालला. सुरतेतील त्यांची रुग्णसेवा मात्र वीस वर्षांहून अधिक काळ चालली. त्या चार वर्षांचा सर्वत्र बोलबाला व्हावा आणि ही वीस वर्षे विस्मरणात जावीत, हे न्यायाचे नव्हे. डॉक्टर कोणाला म्हणावे, तो अधिकार कोणी द्यावा आणि मिळालेला अधिकार कशाच्या बळावर टिकतो, हे प्रश्न आजही आपल्यापुढे आहेत. रखमाबाईंचे चरित्र त्या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्याला पुष्कळ काही शिकविते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबई येथे झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. मातोश्री जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा घरात वाढत असल्यामुळे रखमाबाईंच्या कानांवर औषधांची, रोग्यांची आणि पुस्तकांची भाषा लहानपणापासून पडत होती.

त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. लग्नानंतरही रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळेचे शिक्षण नियमितपणे मिळाले नाही, तेव्हा मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच अभ्यास चालू ठेवला. १८८४ साली दादाजींनी पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. अजाण वयात, आपली संमती नसताना लावलेले लग्न मी पाळणार नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. पुढे अपील झाले, खटला पुन्हा चालविण्याचा हुकूम निघाला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीच्या घरी जाण्याचा किंवा सहा महिन्यांची कैद भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दर्शविली. या निकालाने देशात व विलायतेतही मोठे वादळ उठले. एका बाजूस बेहरामजी मलबारींसारखे सुधारक होते, ज्यांचे बालपण याच सुरतेत गेले होते, तर दुसऱ्या बाजूस लोकमान्य टिळकांसारखे थोर पुढारी होते. शेवटी १८८८ च्या जुलै महिन्यात दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी करण्याचा हक्क सोडला आणि हे प्रकरण मिटले.

यापुढे रखमाबाईंनी सुखाने घरी बसणे स्वाभाविक ठरले असते. त्यांनी मात्र डॉक्टर होण्याचे ठरविले. या निश्चयामागे डॉ. एडिथ पीची यांची प्रेरणा होती. या बाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि १८८६ साली उघडलेल्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. त्यांचा पूर्वेतिहास समजल्याशिवाय रखमाबाईंनी कोणती वाट धरली होती हे नीट कळणार नाही, म्हणून तो थोडक्यात सांगितला पाहिजे.

इंग्लंडात १८५८ साली वैद्यकाचा कायदा झाला. त्यापूर्वी कोण खरा डॉक्टर आणि कोण भोंदू हे सामान्य माणसाला ओळखता येत नसे. या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल नावाची संस्था निर्माण झाली आणि देशातील डॉक्टरांची एक नोंदवही तयार झाली. मान्यताप्राप्त संस्थेची परीक्षा उतरलेल्याचेच नाव त्या नोंदवहीत येई. व्यवस्था उत्तम होती. परंतु परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी स्त्रियांना परीक्षेलाच बसू न दिल्यामुळे, स्त्रीपाशी कितीही ज्ञान असले तरी तिचे नाव नोंदवहीत येणे शक्य नव्हते. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव १८५९ साली नोंदले गेले ते त्यांच्यापाशी अमेरिकेतील पदवी होती म्हणून. एलिझाबेथ गॅरेट यांनी १८६५ साली औषधविक्रेत्यांच्या संस्थेची परीक्षा देऊन परवाना मिळविला, तर त्या संस्थेने लगेच आपले नियम बदलून तीही वाट बंद केली.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांच्यासह काही स्त्रियांनी एडिंबरोच्या विद्यापीठात प्रवेश मिळविला. एडिथ पीची त्यांतीलच एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत पीची पहिल्या आल्या. त्या क्रमांकाला एक शिष्यवृत्ती ठरलेली होती. ती केवळ त्या स्त्री होत्या म्हणून त्यांना नाकारण्यात आली. १८७० च्या नोव्हेंबरात या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेस जात असता दंगेखोर विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर चिखल फेकला आणि दार अडविले. शेवटी विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. तेव्हा १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यक विद्यालय निघाले. १८७६ साली परीक्षक संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि आयर्लंडच्या कॉलेजाने प्रथम आपले दार उघडले. पीचींना परवाना मिळाला तो तेथूनच.

गुण असूनही अधिकार नाकारला गेल्याचे दुःख अशा रीतीने पीचींनी स्वतः भोगले होते. त्यांनी रखमाबाईंच्या मागे आपले सारे बळ उभे केले. हिंदुस्थानात आणि विलायतेत वर्गणी जमली, इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनीही साहाय्य केले, आणि १८८९ साली रखमाबाई विलायतेस निघाल्या.

त्यापूर्वी आपल्याकडील दोन स्त्रियांनी ही वाट चोखाळली होती. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत एम. डी. ही पदवी मिळविली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, रुग्णसेवेस आरंभ होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. बंगालच्या कादंबिनी गांगुली कलकत्त्यास शिकून डॉक्टर झाल्या आणि पुढे त्यांनीही विलायतेस जाऊन आणखी परीक्षा दिल्या. आनंदीबाईंच्या अकाली मृत्यूने महाराष्ट्राला लागलेला चटका तेव्हा ताजाच होता.

लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात रखमाबाईंचे अध्ययन सुरू झाले. रोग्यांच्या खाटेपाशी उभे राहून शिकण्याची सोय रॉयल फ्री हॉस्पिटलात होती. पाच वर्षांच्या परिश्रमानंतर अंतिम परीक्षेचा प्रश्न आला. लंडन शहरातील फिजिशियन आणि सर्जन यांच्या दोन मोठ्या कॉलेजांची संयुक्त परीक्षा त्या वेळी स्त्रियांना बंद होती. ती खुली होण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक जवळजवळ संपावे लागले. म्हणून रखमाबाई परीक्षेसाठी स्कॉटलंडला गेल्या. ज्या एडिंबरो शहरात पीचींवर चिखलफेक झाली होती, तेथील कॉलेजांनी १८८६ पासून स्त्रियांना परीक्षेस बसण्याची परवानगी दिली होती. एडिंबरोचे फिजिशियनांचे कॉलेज, तेथीलच सर्जनांचे कॉलेज आणि ग्लासगोची फॅकल्टी या तीन संस्था मिळून ही परीक्षा घेत. तिला तिहेरी परीक्षा असे म्हणत.

ही परीक्षा तिहेरी का, हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी केवळ शस्त्रक्रियेची परीक्षा उतरलेला मनुष्य तापाच्या रोग्याला औषध देत असे, आणि बाळंतपणाचे शिक्षण न झालेला डॉक्टर प्रसूतीच्या वेळी बोलाविला जात असे. त्यामुळे १८८६ सालच्या कायद्याने असे ठरविले की, ज्याला नोंदवहीत नाव घालावयाचे असेल त्याने औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूती या तिन्ही विषयांत आपली योग्यता सिद्ध केली पाहिजे. एका विषयातील नैपुण्य दुसऱ्यातील अज्ञानावर पांघरूण घालू शकणार नाही, हे या नियमाचे मर्म होते. शिवाय परीक्षा केवळ लेखी नसे. परीक्षक तोंडी प्रश्न विचारीत आणि प्रत्यक्ष रोग्यापुढे उभे करून रोगाचे निदानही करावयास लावीत. पुस्तक पाठ करून लेखी उत्तर देता येते; पण कण्हणाऱ्या रोग्याच्या छातीला कान लावून आत काय बिघडले आहे हे सांगण्यासाठी पाठांतर पुरत नाही.

१८९४ साली रखमाबाई ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ज्या स्त्रीला सात वर्षांपूर्वी एका न्यायालयाने आपल्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याचा हक्क नाकारला होता, तिच्या हाती आता दुसऱ्यांचे प्राण सोपविण्यास परीक्षक मंडळाने मान्यता दिली.

स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या कामा रुग्णालयात काही काळ काम करून १८९५ साली रखमाबाई सुरतेस आल्या आणि तेथील स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. येथे त्यांना कळून आले की, विलायतेतील परीक्षकांनी दिलेले प्रमाणपत्र सुरतेच्या गल्लीतील आजीबाईच्या लेखी केवळ एक कागद आहे.

त्या काळी बाळंतपण घरातील अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून होत असे. नाळ कापण्याचे हत्यार स्वच्छ असावे, हात धुतलेले असावेत, या गोष्टींचे महत्त्व कोणाला ठाऊक नव्हते. नवजात बालके धनुर्वाताने आणि बाळंतिणी तापाने दगावत. पुरुष डॉक्टरला पडद्यातील स्त्री दाखविण्याची पद्धत नव्हती, आणि रुग्णालयात जाणे म्हणजे मरणाला कवटाळणे अशी समजूत होती. बाईला बरे वाटत नाही हे सासूने मान्य करावे, मग मुलाने मान्य करावे, मग शेजारणीने भीती घालू नये, इतके सारे जुळून येईल तेव्हाच ती रुग्णालयाची पायरी चढे. बायकांची भीती जावी म्हणून रखमाबाईंनी रुग्णालयात एका गाभण शेळीची सुटका करून दाखविली आणि त्यानंतर बायका येऊ लागल्या, अशी एक आख्यायिका आजही सांगितली जाते. ती ऐकून हसू येते. परंतु डॉक्टरचे कसब लोकांच्या डोळ्यांना दिसावे लागते आणि त्यांचा विश्वास त्यांच्याच पायरीवर उतरून मिळवावा लागतो, हे त्यातील तथ्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रखमाबाई सुरतेस आल्या तेव्हा मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदणी करणारा कायदाच नव्हता. कोणीही दारावर पाटी लावावी आणि औषधे द्यावीत. तसा कायदा झाला तो १९१२ साली. त्या कायद्याने इलाख्यासाठी वैद्यक मंडळ स्थापन झाले आणि डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. म्हणजे सुरतेतील पहिली सतरा वर्षे रखमाबाईंच्या कामावर नजर ठेवणारे असे कोणतेही मंडळ येथे नव्हते. विलायतेच्या कायद्यात तर असा नियम होता की, आपल्या व्यवसायास काळिमा लावणारे वर्तन करणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून खोडून टाकावे. परीक्षेने नाव चढते आणि दुर्वर्तनाने उतरते, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. सुरतेत मात्र नाव खोडणारा कोणी नव्हता. अशा ठिकाणी डॉक्टर आपल्या ज्ञानाशी आणि आपल्या रोग्यांशी प्रामाणिक राहतो तो स्वतःच्याच धाकाने. घरात वडीलधारे नसताना मूल कसे वागते यावरून त्याचे वळण कळते. व्यवसायाचेही तसेच आहे.

त्या वळणाची कसोटी लवकरच लागली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दुसऱ्या वर्षी ती सुरतेत पोहोचली. लोक घरे सोडून रानात राहावयास गेले. प्लेगपेक्षा तपासणीची आणि विलग छावणीची धास्ती अनेकांना अधिक वाटे. रोगी लपविले जात. ही साथ सरते न सरते तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ गुजरातवर कोसळला. संवत १९५६ मधील म्हणून त्याला छप्पनिया असे नाव पडले. या साऱ्या काळात रखमाबाई सुरतेत आपल्या कामावर होत्या. प्लेगच्या काळात रोग्याजवळ जाणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे होते. त्या प्रसंगी डॉक्टरने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही परीक्षेच्या कागदावर लिहून घेता येत नाही. वेळ आल्यावर ते प्रत्यक्षच द्यावे लागते.

१९०४ साली दादाजी वारले. खटला मिटला होता तरी ते लग्न कायद्याने मोडलेले नव्हते. ही वार्ता समजल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसावयास सुरुवात केली. ज्यांनी ते लग्न मानण्यास नकार दिला त्यांनीच असे करावे, याचे अनेकांना नवल वाटते. रखमाबाईंचे भांडण सक्तीशी होते. मेलेल्या माणसाशी त्यांचे वैर नव्हते, असे यावरून म्हणता येईल. पुन्हा लग्न करण्याचा विचार त्यांनी केला नाही.

सुमारे बावीस वर्षे सुरतेत काढल्यावर रखमाबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पत्करले. स्त्री डॉक्टरांसाठी सरकारच्या साहाय्याने निघालेल्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. ती नाकारून त्या राजकोटला गेल्या. तेथे त्यांनी रेडक्रॉसचे कामही उभे केले. १९२९ च्या सुमारास, एकूण पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर, त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. त्याच वर्षी पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्यामुळे विधवांचे आणि तरुण स्त्रियांचे काय हाल होतात हे त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिले होते. तो विषय त्यांच्या लेखणीतून उतरला यात नवल नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. सुरतेत १९६४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि आज तेथे मुलींनी शिकावे यात कोणालाच नवल वाटत नाही. देशातील वैद्यकीय शिक्षणावर देखरेख करणारी नवी राष्ट्रीय संस्था, नॅशनल मेडिकल कमिशन, २५ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे योगायोगाने रखमाबाईंच्या पुण्यतिथीस, अस्तित्वात आली. २०१९ पासून एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमात आणखी एक सुधारणा झाली. विद्यार्थ्याला किती माहिती आहे याबरोबरच त्याला प्रत्यक्ष काय करता येते हे पाहिले जावे, आणि त्याची वृत्ती, नीती व रोग्याशी बोलण्याची रीत यांचेही शिक्षण त्याला पहिल्या वर्षापासून मिळावे, असे ठरले. रोग्याला त्याचा आजार कसा समजावून सांगावा, त्याची संमती कशी घ्यावी, त्याचे गुपित कसे राखावे, हे आता पाठ्यक्रमाचे विषय आहेत.

यात संमती हा शब्द आला आहे, त्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. जिच्या संमतीविना तिचे आयुष्य दुसऱ्याला देऊन टाकण्यात आले, ती स्त्री पुढे डॉक्टर झाली आणि पडद्याआडच्या, कोणी कधी मत न विचारलेल्या हजारो स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊन बसली. दुसऱ्याच्या देहाला हात लावण्यापूर्वी त्याच्या मनाचा कौल घ्यावा, हा धडा रखमाबाईंना कोणत्याही विद्यालयाने शिकविण्याची आवश्यकता उरली नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांना डॉक्टर व्हावयाचे आहे आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षेची तयारी घरोघर चालू आहे. परीक्षा हव्यातच. परीक्षा नसती तर भोंदूंचे फावले असते, आणि ती सर्वांना खुली नसती तर पीची व रखमाबाई यांच्यासारख्यांच्या गुणांचे मातेरे झाले असते. आपणही परीक्षेत उत्तम गुण मिळवावेत, आणि आपल्याहून वेगळ्या जातीचा, धर्माचा किंवा गरीब घरातील मुलगा अथवा मुलगी त्याच परीक्षेस बसावी यासाठी झटावे. मात्र प्रमाणपत्राने डॉक्टरकीचा आरंभ होतो, एवढेच. त्यानंतरची परीक्षा रोगी घेतात. तिची तारीख कोणी आधी जाहीर करीत नाही, तिचा निकाल फलकावर लागत नाही, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती संपतही नाही. सुरतेच्या स्त्रियांनी ती परीक्षा घेतली, आणि डॉ. रखमाबाई ती बावीस वर्षे रोज देत राहिल्या.